लक्ष न देण्याचा अभ्यास

हळूमास्तर आणि मॅडम यांची पहिली भेट झाली तेव्हा मॅडम ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात शिरत होत्या. गाडीसकट.

ऑफिस तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला अख्खी काच, काचेवर लाल अक्षरांत ‘आत्मविश्वासाने चालवा’. मॅडमनी सल्ला मनावर घेतला होता. काच खळ्ळकन फुटली, मालकांचं टेबल भिंतीला जाऊन चिकटलं, मालक टेबलाला चिकटले, आणि वाहतूक-चिन्हांचा मोठा तक्ता खिळ्यासकट निखळून बॉनेटवर असा येऊन पडला की ‘प्रवेश बंद’ची खूण नेमकी मॅडमच्या डोळ्यांसमोर. शेजारच्या सीटवरचा शिकवणारा डोळे मिटून बसला होता. त्याने एक डोळा उघडून आपण जिवंत आहोत एवढी खात्री करून घेतली, खाली उतरला, मालकांच्या हातात किल्ली दिली आणि जो चालू लागला तो पुन्हा त्या रस्त्याला दिसला नाही. हल्ली तो गाद्या विकतो म्हणतात. गाद्या कुठे जाऊन धडकत नाहीत.

हळूमास्तर कोपऱ्यात चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला, काचांवरून जपून पावलं टाकत गाडीपाशी आले आणि खिडकीतून वाकून म्हणाले, “छान. वळताना इंडिकेटर आठवणीने दिला होतात.”

मॅडम त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “तुम्ही ओरडणार नाही?”

“ओरडलं की माणसाचा पाय ब्रेक सोडून भलतीकडे पडतो. आता रिव्हर्स टाका. हळू. हळू...”

मॅडमनी रिव्हर्स टाकला. मागचा दिव्याचा खांब वाकला.

“छान,” मास्तर म्हणाले. “आरशात बघितलंत.”

‘हळू’ हा एक शब्द आयुष्यभर उच्चारून मास्तरांचं खरं नाव पुसलं गेलं होतं. बँकेतला शिपाईसुद्धा “हळूमास्तर, सही राहिली” असं ओरडायचा. त्यांनी गावातल्या निम्म्या लोकांना गाडी शिकवली होती आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांच्यापासून वाचवलं होतं. शिकवणाऱ्याच्या बाजूला एक जादा ब्रेक असतो. त्यावर उजवा पाय रोवून रोवून त्यांचा गुडघा नारळाएवढा सुजला होता. डॉक्टर म्हणाले होते, दुसरं काम बघा. शेचाळिसाव्या वर्षी दुसरं काम बघायचं म्हणजे काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

ते मॅडमनी सांगितलं. त्या कॉलेजात वर्तनशास्त्र शिकवायच्या. माणूस जे करतो ते का करतो, कशामुळे पुन्हा करतो आणि कशामुळे सोडतो, यातलं त्यांना सगळं ठाऊक होतं. फक्त क्लच आणि स्वतःचे दोन्ही पाय सोडून. बरेच खांब वाकल्यावर एका सकाळी त्यांनी गाडी रस्त्याच्या मधोमध उभी केली आणि मास्तरांकडे वळल्या. मागे हॉर्नचा कल्लोळ.

“मास्तर, तुम्ही करता ना, चुकीकडे बघायचं नाही, बरोबर तेवढं लगेच उचलायचं, एक एक पायरी चढवत न्यायचं, याची आमच्याकडे जाडजूड पुस्तकं आहेत. मुलं दोन वर्षं रट्टा मारतात तरी जमत नाही.”

“मॅडम, हिरवा लागलाय.”

“आमच्या अभ्यासक्रमात मोठ्या वयाच्या लोकांसाठीही जागा असतात. मानसिक आरोग्य केंद्राला माणसं हवी आहेत. तिथे आजाऱ्यांना पुन्हा उठायला, आंघोळ करायला, चार माणसांत बसायला शिकवायचं असतं. बसून काम. गुडघ्याला त्रास नाही.”

“मॅडम, तांबडा लागला.”

“मग विचार करायला वेळ आहे,” मॅडम म्हणाल्या.

मास्तरांनी तो सिग्नल पुन्हा हिरवा होईपर्यंत विचार केला. आयुष्यात एवढ्या घाईने त्यांनी दुसरं काही केलं नाही.

घरी बातमी फुटली तेव्हा बायको पोळपाटावर चष्म्यांच्या काड्या मांडून बसली होती. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची आणि किरकोळ दुरुस्त्या घरी आणायची. कानामागे स्क्रू पिळायचा बारीक पेचकस खोचलेला.

“कॉलेजात?” ती म्हणाली. “दप्तर घेऊन?”

“पिशवी चालते.”

“आणि डबा?”

“तू थट्टा कर. आजारी माणसांचं काम आहे. पुण्य लागेल.”

“अहो, मी कुठे नाही म्हणतेय! फक्त बेंचवर बसताना गुडघा बघून बसा, नाहीतर अख्खी रांग वर उचलली जायची.”

आतल्या खोलीतून आप्पा म्हणाले, “अरे, जरा इकडे ये. नाडी बघ. चुकतेय.”

आप्पा म्हणजे मास्तरांचे वडील. उभी हयात त्यांनी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काढली. तिथलं त्यांचं काम ऐकायचं. पंपाच्या अंगाला कान लावून उभं राहायचं आणि आवाज बदलला की साहेबांना कळवायचं. निवृत्त झाल्यावर पंप सुटले, ऐकायची सवय सुटली नाही. मग ते स्वतःला ऐकू लागले. छातीत घरघर झाली, ठोका हुकला, डाव्या अंगाला कळ आली, की “अरे, जरा ये.” मास्तर जायचे, मनगट धरायचे, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे आणि म्हणायचे, “ठीक आहे.” आप्पांचा चेहरा उजळायचा. पुढच्या चहापर्यंत पुरायचं तेवढं.

सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, आजोबांचं हृदय चांगलं आहे, त्यांना त्याची भीती वाटते एवढंच. आप्पा बाहेर आल्यावर म्हणाले होते, “डॉक्टर हुशार वाटला. पण कान लावला तो चुकीच्या बाजूला.”

मास्तर कॉलेजात जाऊ लागले. वर्गात सगळी विशी-बाविशीची पोरं. पहिल्या दिवशी ते आत शिरले तशी सगळी उभी राहिली. शिकवायलाच आलेत असं वाटलं. मग ते शेवटच्या बाकावर, पाय लांब करून बसल्यावर हशा झाला, आणि त्या दिवसापासून ते वर्गाचे काका झाले. त्यांच्या शेजारी बसायची ती टोपी. बाराही महिने लोकरीची टोपी घालणारी, नखं खाणारी, वर्गात सगळ्यांत हुशार पोरगी.

“काका, मी नखं खाते ती सोडवा ना. तुमचा प्रोजेक्ट होईल, माझी नखं वाढतील.”

“नखं वाढली तर तू लिहिशील कशी?”

“मग राहू द्या. परीक्षेनंतर सोडवा.”

मास्तरांना अभ्यास लागला म्हणजे अक्षरशः लागला. भाजीवाली शेवटची मूठभर मिरची फुकट का घालते, शेजाऱ्यांचा कुत्रा फक्त पोस्टमनवरच का भुंकतो, बायको भांडणात नेमकी कोणत्या वाक्यानंतर दार आपटते, सगळ्याची त्यांना कारणमीमांसा करता येऊ लागली. बायकोला त्यांनी एकदा सांगितलं की तुझ्या दार आपटण्याला मी घाबरून गप्प बसतो, म्हणून तुझं दार आपटणं वाढतं. ती म्हणाली, खरं का? आणि दार आपटलं. मास्तर गप्प बसले.

प्रात्यक्षिकासाठी आठवड्यातले काही दिवस केंद्रात जायचं असायचं. लांब व्हरांडा, फिनेलचा वास, खिडक्यांना जाळ्या, जेवणाच्या खोलीत जमिनीला ठोकलेली बाकं. तिथे मास्तर खुलले. एक माणूस होता, पूर्वी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा. तो खोलीबाहेर पडतच नव्हता. जेवण आत द्यायचे, ताट दाराशी ठेवायचे. मास्तर त्याच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. तो पलंगावरून पाय खाली सोडायचा, मास्तर म्हणायचे, “छान.” तो उभा राहायचा, “छान.” दोन पावलं टाकून परत फिरायचा, तरी मास्तर परत फिरण्याकडे बघायचेच नाहीत. हळूहळू तो उंबऱ्यापर्यंत आला. तिथे उभं राहून त्याने व्हरांड्याकडे असं बघितलं जसं कुणी समुद्राकडे बघावं. मास्तरांना त्या दिवशी बसस्टॉपवर रडू आलं. टोपीने त्यांना रुमाल दिला आणि म्हणाली, “काका, रडणं हे वर्तन आहे. आधी काय घडलं ते सांगा.”

केंद्राच्या प्रमुखांनी वर्गाला सांगून टाकलं होतं की यंदा वर्तन साहाय्यकाची एक कायम जागा भरायची आहे. ज्याचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प सगळ्यांत चांगला, ती जागा त्याची. प्रकल्प म्हणजे एका माणसाचं एक वर्तन घ्यायचं, योजना आखायची, रोज मोजायचं, आलेख काढायचा आणि बदल दाखवायचा. नियम दोन. घरचा माणूस घ्यायचा नाही. आणि तक्रार शरीराची असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरकडून नव्याने तपासून घ्यायचं.

मास्तरांनी छापखानेवाल्याला घेतलं होतं. तो उंबरा ओलांडून व्हरांड्यातल्या पहिल्या बाकापर्यंत पोचला, आणि त्याच आठवड्यात त्याचा भाऊ आला आणि त्याला घरी घेऊन गेला. का, कशाला, कुणी विचारलं नाही. मास्तर गेले तेव्हा खोलीत दुसराच माणूस झोपलेला होता.

“दुसरं कुणी घ्या,” मॅडम म्हणाल्या. “मुदत वाढवून मिळत नाही. सोपं वर्तन घ्या, लवकर बदलणारं.”

गुडघा आता जिना चढू देत नव्हता. मालक रोज विचारायचे, “मास्तर, तुमचं काय ते ठरवा, नवीन पोरगा बघायचा का?” टोपीने एका न बोलणाऱ्या बाईला बोलतं केलं होतं आणि तिचा आलेख वर वर चालला होता. मास्तर संध्याकाळी घरी आले, दारात चप्पल काढली, आणि आतून हाक आली.

“अरे, जरा ये. नाडी बघ.”

मास्तर उभेच राहिले. पुस्तकातलं पान जसंच्या तसं त्यांच्यासमोर उघडलं होतं. तक्रार, मग लक्ष, मग पुन्हा तक्रार. माणूस काळजी करतो, आपण धीर देतो, त्या धीरानेच काळजी पोसली जाते. धीर काढून घ्या, काळजी उपाशी मरेल. लिहिलेलं खोटं नव्हतं. भीतीच्या आजारावर जगभर असंच करतात, आणि माणसं त्याने बरीही होतात.

प्रकल्पाच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं, ‘एक ज्येष्ठ गृहस्थ, ओळखीतले’. तपासणीच्या रकान्यात ‘झालेली आहे’ असं लिहिलं. झालेली होतीच की. तीन वर्षांपूर्वी.

योजना साधी होती. आप्पांनी छातीचं काढलं की बघायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, हातातलं काम चालू ठेवायचं. दुसरं काहीही बोलले की लगेच खुर्ची ओढून जवळ बसायचं, हसायचं, विचारायचं. बायकोलाही तेच करायला सांगितलं.

“नाडी बघायला जातं काय तुमचं?” ती म्हणाली.

“माझं काही जात नाही. त्यांचं जातं. दिवसभर भीतीत काढतात ते.”

“आणि मी बघितली तर?”

“मग सगळं मुसळ केरात.”

बायकोने पेचकस कानामागे खोचला. “म्हातारा माणूस हाक मारतोय आणि आपण काड्या पिळत बसायचं. ठीक आहे. तुम्ही शिकलेले.”

पहिल्या दिवशी आप्पांनी हाक मारली, मास्तर वर्तमानपत्र वाचत राहिले. आप्पांना वाटलं ऐकू गेलं नाही. ते बाहेर येऊन हाताची घडी सोडून मनगट पुढे करून उभे राहिले. मास्तरांनी पान उलटलं. आप्पांनी हात वर्तमानपत्राच्या वर धरला. मास्तरांनी हवामानाची बातमी वाचली. तो म्हातारा हात तिथे कितीतरी वेळ लोंबकळत राहिला. मग आप्पा आत गेले.

पुस्तकात लिहिलं होतं की सुरुवातीला तक्रार वाढेल. विझताना दिवा भडकतो तसं. तेव्हा ढिले पडू नका. मास्तर खूश होऊन वाट बघत होते आणि आप्पांनी त्यांना निराश केलं नाही. घरात दाद मिळेना तेव्हा ते गावावर निघाले. पाण्याचं मीटर वाचायला आलेल्या माणसाला त्यांनी मीटर बघू दिलं नाही, आधी मनगट बघ म्हणाले. त्या बिचाऱ्याने बघितलं आणि चुकून वहीत मांडलंसुद्धा. इस्त्रीवाल्याच्या दुकानात जाऊन बसले, तो म्हणाला आजोबा, मला फक्त कापडाचं कळतं. एकदा तर मास्तर मॅडमना घाटातून गाडी शिकवून परत येत होते आणि आप्पा भर रस्त्यात हात आडवा करून उभे. मॅडमनी ब्रेक दाबला, तोसुद्धा वेळेवर. त्यांच्या आयुष्यातला तो पहिला वेळेवरचा ब्रेक.

“कोण हे?” मॅडम म्हणाल्या.

“ओळखीचे आहेत,” मास्तर म्हणाले आणि काच वर केली.

आप्पांनी काचेवर हात ठेवला. मास्तरांनी समोर बघितलं. “चला मॅडम. हळू.”

त्यानंतर आलेख खाली येऊ लागला.

आप्पा होतेच हुशार. पंपघरात अर्ध्या आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या माणसाला हे कळायला किती वेळ लागणार? छातीचं बोललं की मुलगा भिंत होतो आणि पंपाचं बोललं की मुलगा खुर्ची ओढून येतो. त्यांनी पंपाचं बोलायला घेतलं. पूर आला तेव्हा गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहून झडप कशी बंद केली. साहेबांचा दाताचा सेट टाकीत पडला आणि दोन दिवस सगळं गाव ते पाणी पीत होतं. मास्तर पोट धरून हसायचे. घरात इतकं हसणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. मास्तर रात्री अंथरुणावर पडले की त्यांना खरोखर वाटायचं, वडील परत मिळाले.

एका दुपारी आप्पा बाहेरच्या खोलीत येऊन म्हणाले, “अरे, छातीत...” आणि थांबले. मास्तरांची मान खालीच होती. आप्पांनी खिडकीकडे बघितलं. “छान ऊन पडलंय,” ते म्हणाले.

मास्तर ताडकन उठले, खुर्ची ओढली. “हो ना आप्पा! बसा, बसा.”

बायको दारात उभी होती. आप्पा आत गेल्यावर ती म्हणाली, “भीती गेलेली नाही त्यांची.”

“तक्रार थांबली ना?”

“तक्रार थांबली. ते तुमच्यासाठी बोलतात. तुम्ही जवळ बसावं म्हणून.”

“अगं, वर्तन बदललं की भावना मागून बदलते. असंच असतं ते.”

“असेल,” ती म्हणाली. “मला काचेपलीकडलं दिसतं तेवढंच कळतं.” आणि दार आपटलं नाही. मास्तरांनी ती चांगली खूण धरली.

आलेखाची रेघ शून्याला टेकली. एक आठवडा झाला, दुसरा गेला, रेघ उठली नाही. प्रकल्प वर्गासमोर मांडायचा होता त्याच्या आदल्या संध्याकाळी आप्पा नेहमीपेक्षा कमी जेवले. सकाळी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून निघाले तेव्हा आप्पा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलेले. सदरा पाठीला चिकटला होता. चेहरा राखेच्या रंगाचा. मास्तरांना तो दिसला. पण दिसलेलं सगळं बघायचं नाही, हेच तर ते इतके दिवस शिकत होते.

“निघालास?” आप्पा म्हणाले.

“हो. आज माझं सगळ्यांसमोर आहे.”

“मग बस जरा. सांगतो तुला एक. आमच्याकडे एक नवीन साहेब आला होता. पहिल्याच दिवशी त्याने...” आप्पा थांबले. तोंडाने श्वास घेतला. हात छातीकडे निघाला होता, तो त्यांनी वाटेतच वळवून गुडघ्यावर ठेवला. “पहिल्याच दिवशी त्याने सगळ्या पंपांना रंग द्यायला सांगितलं. निळा.”

“छान!” मास्तर म्हणाले. खुर्ची ओढून बसायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी आप्पांच्या खांद्यावर थाप मारली. “आल्यावर पुढचं ऐकतो.”

वर्गात टाळ्या पडल्या. टोपीने शिट्टी मारली. केंद्राचे प्रमुख मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी मॅडमकडे वाकून काहीतरी म्हटलं आणि दोघांनी मान डोलावली. मॅडम फळ्यापाशी येऊन म्हणाल्या, “बघा. योजना पाळली की असं होतं.” मास्तरांना गुडघा आहे याचा विसर पडला होता.

घरी आले तर दार उघडं होतं. बायको दुकानातून लवकर आलेली. आप्पा त्याच खुर्चीत होते. शेजारचे डॉक्टर त्यांच्या समोर उकिडवे बसले होते, पण आता काही करत नव्हते.

“सकाळीच गेलेत,” डॉक्टर म्हणाले. “झटका मात्र कालपासूनचा असणार. दुखलं असेल खूप. काही बोलले नव्हते का?”

मास्तर खुर्चीपाशी गेले.

“नाही,” बायको म्हणाली. “हल्ली ते काही बोलत नव्हते.”

डॉक्टरांना त्यात विचित्र वाटलं नाही. म्हातारी माणसं सहन करतात, असं म्हणत त्यांनी बॅग बंद केली.

पुढचे दिवस कसे गेले ते मास्तरांना सांगता यायचं नाही. माणसं आली, बसली, गेली. मीटरवाला आला, तो दारातच रडला. बायको मास्तरांशी बोलायची, जेवायला वाढायची, एकदाही म्हणाली नाही की मी सांगितलं होतं. ते म्हणाली असती तर बरं झालं असतं. मास्तर रात्रीचे उठून बाहेरच्या खोलीत जायचे, स्वतःचं मनगट धरायचे आणि घड्याळाकडे बघत बसायचे.

तोंडी परीक्षा ठरल्या दिवशीच होती. बाहेरून आलेले परीक्षक गोल चष्म्याचे, प्रसन्न गृहस्थ. चष्म्याची एक काडी सैल होती. एरवी मास्तरांनी ती लगेच हेरली असती. परीक्षकांनी आलेखावरून बोट फिरवलं, वरून खाली, खालून आडवं.

“वा! इतका स्वच्छ आलेख मी फार थोडे पाहिलेत. मधला हा चढ बघा, अगदी अपेक्षेप्रमाणे. आणि नंतर शून्य. परत तक्रार नाही?”

“नाही.”

“एकदाही?”

“शेवटपर्यंत नाही.”

“उत्तम. गृहस्थ आता कसे आहेत?”

मास्तर उभे होते. मॅडम शेजारच्या खुर्चीत पेनाचं टोपण काढत-लावत बसल्या होत्या.

“वारले,” मास्तर म्हणाले. “हृदयविकाराने. आदल्या दिवसापासून दुखत होतं. सांगितलं नाही त्यांनी. मी त्यांना न सांगायला शिकवलं होतं.”

टोपणाचा आवाज थांबला.

परीक्षक चष्मा काढून पुसू लागले. “हं. वाईट झालं. पण तसं बघायला गेलं तर, योजनेचा आणि मृत्यूचा थेट संबंध... वय काय होतं?”

“माझे वडील होते ते.”

आता परीक्षकांनी चष्मा लावला आणि मॅडमकडे बघितलं. मॅडम कुणाकडेच बघत नव्हत्या. मग त्या म्हणाल्या, “त्या दिवशी गाडीसमोर आले होते, ते?”

“हो.”

“तुम्ही काच वर केलीत.”

“हो.”

“मास्तर, मला एकदा विचारायचंत.”

“तुम्ही नाही म्हणाला असतात.”

“हो,” मॅडम म्हणाल्या. “म्हणूनच विचारायचं असतं.”

मास्तरांना बाहेर बसायला सांगितलं. व्हरांड्यात टोपी होती, आपली पाळी यायची वाट बघत, दाही नखं कुरतडत. तिने विचारलं, “काका, कसं झालं?” मास्तर तिच्याशेजारी बसले. तिच्या हातांकडे त्यांनी बघितलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी कारण शोधलं नाही. “भीती वाटतेय का गं?” एवढंच विचारलं.

“खूप,” टोपी म्हणाली, आणि तिला एकदम रडू फुटलं.

मास्तर तिच्याजवळ बसून राहिले. आतून तिच्या नावाची हाक आली तेव्हा ती तोंड पुसून आत गेली.

दोन्ही नियम मोडल्याबद्दल मास्तरांचा प्रकल्प रद्द झाला. शिक्षा म्हणून नाही, मॅडमनी शेरा लिहिला होता, नियम म्हणून. सहा महिन्यांनी नवा प्रकल्प करून पुन्हा बसता येईल असंही लिहिलं होतं. मास्तर पुन्हा बसले नाहीत. बायको म्हणाली, बसा, तिथल्या लोकांना तुमचा उपयोग आहे. ते म्हणाले, बघू. मालकांनी अजून नवीन पोरगा ठेवला नव्हता, तेव्हा गुडघ्याला पट्टा बांधून ते सोमवारपासून पुन्हा गाडीत बसू लागले.

केंद्रातली जागा टोपीला मिळाली. वर्षाच्या आत तिने ती सोडली; तिला विमा कंपनीत नोकरी लागली.